जपानला मैत्रिणीबरोबर जाताय? 'एक दिवस वेगळं फिरू' म्हटलं तर राग येतो का?

दडपेपोहे
मंडळी, जरा सल्ला हवाय. नोव्हेंबरच्या शेवटी मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण जपानला चाललोय. टोकियो, क्योटो, हिरोशिमा आणि मधे एक रात्र हाकोनेला ओनसेन म्हणजे गरम झऱ्याचं कुंड असलेल्या र्‍योकानमधे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सरायीत, असा ढोबळ बेत आहे. नवरे आणि पोरं घरी. विमानाची तिकिटं काढून झालीत, व्हिसाचे कागद गोळा करणं चालू आहे, आणि आता एकेक गोष्ट ठरवायला बसलो की कुरबुरी निघतायत.

ती पक्की शाकाहारी, अंडंही नाही. मी जपानला जाऊन मासे खाणार नसेन तर मग तळेगावच काय वाईट आहे. ती सकाळी दोन चहा झाल्याशिवाय बोलतसुद्धा नाही आणि मला क्योटोच्या फुशिमी इनारी देवळात उजाडायच्या आत पोचायचंय, कारण नंतर त्या लाल तोरींच्या (कमानींच्या) खालून नुसती माणसं चालताना दिसतात म्हणे. तिला किमोनो भाड्याने घेऊन भरपूर फोटो काढायचेत, मला हिरोशिमाचं म्युझियम घाई न करता बघायचंय. पैशाचं पण आहेच, ती म्हणते होस्टेल, मला या वयात बाथरूमसाठी टॉवेल घेऊन कॉरिडॉरमधून चालायचं नाहीये.

तर मी सहज म्हटलं की मधले एकदोन दिवस आपण वेगवेगळ्या फिरू आणि संध्याकाळी भेटू. फोनवर एकदम शांतता. मग "बरं. तुला माझा कंटाळा येणार असेल तर तसं." तेव्हापासून व्हॉट्सॅपवर फक्त 'ओके' आणि 'हम्म' येतंय. परदेशात जोडीने जाऊन वेगळं फिरणं इतकं वाईट दिसतं का? तुमचे अनुभव सांगा.

लिमलेट
पहिली! पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

निवांतकाका
दडपेपोहे, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वेगळंच फिरायचं असेल तर एकटं जावं. जोडीने जायचं म्हणजे दोघांना अर्धं अर्धं मिळणार हे धरूनच निघायचं. मी आणि माझा शाळूसोबती रिटायर झाल्यावर ग्रीसला गेलो होतो. त्याला देवळांचे खांब, मला समुद्र. तो अक्रोपोलिसवर प्रत्येक दगडाची पाटी वाचत बसायचा, मी सावली शोधून बसायचो. पण बसायचो तिथेच. आज फोटो बघताना दोघे असतो फोटोत. आणि जायच्या आधी दोन दिवस तारकर्लीला किंवा महाबळेश्वरला एकत्र राहून बघा, माणूस कळतो.

तिरकीरेघ
काकांशी असहमत, दोन्ही मुद्द्यांवर. तारकर्लीत काय कळणार हो? तिथे गाडी आपली, भाषा आपली, आणि नाहीच पटलं तर हॉटेलवाल्याशी गप्पा मारत बसता येतं. परदेशात खरा ताण वेगळाच असतो. दिवसभरात तुमच्याशी धड बोलू शकणारं माणूस एकच, आणि तेच नेमकं तुमच्यावर चिडलेलं. पाटी वाचता येत नाही, तिकीट कुठून काढायचं कळत नाही, भूक लागलीये, आणि या सगळ्याचा राग काढायला समोर एकच जागा. त्या माणसाचा काही दोष नसतो. म्हणूनच मधे सुट्टी लागते.

आणि सावलीत बसून वाट बघणं तुम्हाला गोड वाटतं काका, तुमच्या मित्राला मागे कोणीतरी घड्याळ बघतंय असं वाटत असणार. विचारलंय कधी त्याला?

निवांतकाका
नाही विचारलं. आता विचारतो :)

खडीसाखर
मूळ भांडण फिरण्याचं नसतंच कधी. प्लॅनिंग कोण करतंय ते आधी सांगा.

आमच्या तिघींच्या ट्रिपला (व्हिएतनाम) मी रात्री जागून हॉटेलं बघितली, रद्द करता येणारी कुठली, स्टेशनपासून किती लांब, बाल्कनी आहे का, ब्रेकफास्टला शाकाहारी काय मिळतं, सगळ्याची एक्सेल केली आणि ग्रुपवर टाकली. उत्तर काय? "तू करशील ते बेस्टच असेल", "मला काहीही चालेल". आणि तिथे पोचल्यावर होई आनमधे पहिल्याच संध्याकाळी बाईसाहेब म्हणतात, रूम जरा आतल्या गल्लीत आहे ना गं. अगं मग तेव्हा का नाही उघडलीस ती फाईल?? जी बुकिंग करते ती तीन महिने बिनपगारी नोकरी करते आणि वर तक्रार खिडकीही तिचीच. दडपेपोहे, तुमच्याकडे एक्सेल कोणाची आहे?

दडपेपोहे
खडीसाखर, माझीच :(

बोरकूट
आता मी बोलते, कारण मी ती 'काहीही चालेल'वाली आहे आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

खडीसाखर, तुमच्यासारख्या मैत्रिणीने वीस हॉटेलं बघून तीन उरवलेली असतात. त्यातलं मी एक निवडलं की ती म्हणते "हो पण त्याच्या रिव्ह्यूत झुरळ आहे". दुसरं निवडलं तर "ते लांब आहे". मग तिच्या मनात आधीच ठरलेलं असतं ते आमच्या तोंडून वदवून घ्यायचं चालू असतं. त्यापेक्षा काहीही चालेल म्हणणं सोपं. आणि खरंच चालतं हो मला. मी गल्लीतल्या रूमबद्दल बोलले असेन तर ते नुसतं बोलणं असतं, तक्रार नसते. प्लॅन करणाऱ्यांना ट्रिप म्हणजे परीक्षा वाटते आणि आम्ही काहीही बोललो की मार्क कापल्यासारखं होतं त्यांना.

या धाग्यातल्या मैत्रिणीचंही तेच असेल. तिने जेवणाबद्दल, होस्टेलबद्दल बोलून दाखवलं म्हणजे ती निदान सांगतेय तरी. वेगळं फिरू हे तिला शिक्षा वाटली असणार. तुम्ही कुठल्या सुरात म्हणालात ते आम्हाला कुठे माहितीये.

खडीसाखर
मार्क कापल्यासारखं होतं हे मात्र खरं. बाकी मान्य नाही.

चकली_कडक
बोरकूट + खडीसाखर यांनी एकत्र अंदमानला जावं आणि इथे लाइव्ह धागा काढावा अशी नम्र सूचना. खर्च वर्गणीतून.

निशिकासाईकर
इथे टोकियोत बरीच वर्षं आहे, दर सीझनला भारतातून पाहुणे येतात आणि त्यातले निम्मे जोडीतले भांडण घेऊन माझ्या सोफ्यावर बसतात. त्यामुळे थोडं कामाचं लिहितो, पसारा होईल.

पहिलं म्हणजे रेल्वे पास. जुन्या ब्लॉगवर वाचून सगळे सात दिवसांचा जेआर (जपान रेल) पास काढायला निघतात. तो ऑक्टोबर २०२३ मधे २९,६५० येनवरून एकदम ५०,००० झाला. टोकियो-क्योटो शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) सुटं तिकीट साधारण १४ हजार पडतं, त्यामुळे टोकियो-क्योटो-हिरोशिमा करून परत टोकियो केलं तरी सुटी तिकिटं पासापेक्षा कमीत बसतात. आणि तुमच्या भांडणासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण पास काढला की 'पैसे वसूल' करायला दोघींना सगळीकडे जोडीने पळावं लागतं. सुट्या तिकिटात एकीला हिरोशिमाला नाही जायचं तर ती राहू शकते मागे, कोणाचं काही बुडत नाही.

दुसरं, सुइका, म्हणजे गाड्यांच्या भाड्याची कार्डं, दोघींची वेगळी घ्या. एका कार्डावर दोघींना गेटमधून जाता येत नाही. हे इतकं साधं वाटतं पण एकीच्याच फोनमधे सगळं ठेवणारे लोक बघितलेत मी.

तिसरं, जेवण. अंडं टाळणं जमेल, पण खरी अडचण दाशीची आहे. सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी असतं ते, आणि ते मिसो सूपमधे, उदोनच्या रश्शात, तेंपुराबरोबरच्या सॉसमधे, अगदी वरून साध्या दिसणाऱ्या उकडलेल्या भाजीतही असतं. वेटरला 'मांस नको' सांगितलं तर तो मनापासून हो म्हणतो आणि मासा घालतो, कारण त्याच्या हिशेबात मासा म्हणजे मांस नाही. फोनवर जपानीत लिहून ठेवा, मासा नको, दाशी नको, अंडं नको. कॉन्बिनीत (छोट्या किराणा दुकानांत) ओनिगिरी (भाताचे गोळे) मिळतात, उमेबोशीवाली (खारवलेल्या आंबट फळाची) बघायची पण मागचं लेबल भाषांतर करून वाचायचं. आमच्या निशिकासाईत भारतीय किराणा आणि शाकाहारी हॉटेलं आहेत, पण रोज तिथे येणार का जेवायला.

म्हणून म्हणतो, दुपारचं जेवण वेगळं करा. तुम्ही सुशीच्या काउंटरवर बसणार आणि ती शेजारी हिरवा चहा पीत बसणार यात दोघींचंही जेवण जातं. रात्री एकत्र, तिच्या सोयीच्या ठिकाणी.

तिरकीरेघ
हे अगदीच पटलं. पूर्ण दिवस वेगळा म्हटलं की घटस्फोटासारखं वाटतं, दुपारचं जेवण वेगळं म्हटलं तर कोण चिडेल?

चकली_कडक
चिडणारे चिडतातच. आमच्याकडे 'तू माझ्याशिवाय पाणीपुरी खाल्लीस' यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं.

वाटसरू
अवांतर: टोकियोत शिंजुकूला नाकामुराया म्हणून दुकान आहे, तिथली करी क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे सुरू झाली. १९१५ मधे ते इंग्रजांपासून निसटून जपानला गेले, नाकामुरायाच्या मालकांनी त्यांना लपवलं, पुढे त्याच घरातल्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. १९२७ पासून तिथे भारतीय पद्धतीची करी मिळते. दडपेपोहे, जमलं तर जाच.

फुलपात्र
वाटसरू, छान माहिती पण ती चिकन करी आहे ना? मैत्रीण तिथेही चहाच पिणार.

वाटसरू
अरेच्चा. खरंय.

फुलपात्र
पैशांवर कोणी नीट बोललं नाही म्हणून मी. होस्टेल की हॉटेल हा प्रश्न आवडीचा नसतो बऱ्याचदा. एकीला परवडतं आणि दुसरीला जड जातं, आणि ते कोणी तोंडाने म्हणत नाही. माझ्याबरोबरची मैत्रीण तेव्हा माझ्यापेक्षा खूप जास्त कमवायची. बालीला ती दर वेळी म्हणायची "अगं राहू दे, वरचे मी भरते". एकदा बरं वाटतं. तिसऱ्यांदा मग मला जिथे जायचंय तेही सांगायला जीभ रेटेना, कारण पैसे तिचे. ती मनाने चांगलीच होती, पण दिवसभर कोणाचं तरी देणं लागतोय असं वाटत फिरायला मजा येत नाही.

पुढच्या वेळी आम्ही उलटं केलं. जिला कमी परवडतं तिने एका रात्रीचा आकडा सांगायचा आणि राहायचं त्याच्या आतच. ज्या गोष्टी जास्तीच्या हव्यात त्या ज्याने त्याने आपापल्या करायच्या, मसाज, चांगलं रेस्टॉरंट, काहीही. आणि सुट्या खर्चाला एक कॉमन पाकीट, दोघींनी सारखे पैसे टाकायचे, त्यातून पाणी, लॉकर, टॅक्सी. संपलं की परत टाकायचे. अ‍ॅपवर प्रत्येक कॉफी नोंदवत बसलं की हॉटेलच्या खोलीत रात्री ऑडिट चालू होतं.

निशिकासाईकर
कॉमन पाकीट जपानला चालेल, रोख अजून लागते छोट्या दुकानांत आणि देवळांत. हॉटेलात बिल वेगळं हवं असेल तर काउंटरवर 'बेत्सु-बेत्सु' म्हणायचं, बहुतेक ठिकाणी करून देतात.

आणि फुलपात्रताईंच्या मुद्द्याला धरून, र्‍योकानचा दर खोलीला नसतो, माणशी असतो, रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून. त्या जेवणात मासे भरपूर. आधी कळवलं नाही तर तुमची मैत्रीण तुमच्याइतकेच पैसे भरून भात आणि लोणचं खाणार. काही र्‍योकान शाकाहारी जेवण करतच नाहीत, तसं सरळ सांगतात. त्याऐवजी कोयासानचा (डोंगरावरचं मठांचं गाव) विचार करा. ओसाकाच्या नाम्बाहून साधारण दोन तास, शेवटी केबल कार. तिथे बौद्ध मठांत राहता येतं आणि जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे मांसमासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. तोफूचे प्रकार इतके की तुम्हालाही आवडतील. ओकुनोइन नावाचं जुनं दफनस्थान आहे, उंच सीडर वृक्षांखाली दोन लाखांवर समाध्या. थंडी मात्र कडक असते तेव्हा वर.

लिमलेट
कांदा-लसूण नाही?? माझ्या सासूबाईंचं बुकिंग करून टाकते.

चकली_कडक
हॉटेलच्या खोल्यांबद्दल एक धोक्याची सूचना. 'सेमी-डबल' नावाचा प्रकार असतो तिथे. स्वस्त दिसतो म्हणून मी आणि मित्राने घेतला. पलंग असतो जेमतेम १२० सेंटीमीटर रुंद. मित्र नव्वद किलोचा. मी सकाळी सुटकेसवर झोपलेलो सापडलो. 'ट्विन' लिहिलेलंच घ्या.

दडपेपोहे
ह.ह.पु.वा. चकली. आम्ही ट्विनच बघतोय.

बोरकूट, तुमचं वाचून जरा विचारात पडलेय. आणि ओनसेनचं कोणी काही बोललं नाही अजून. तिथे म्हणे काहीही न घालता उतरावं लागतं. इतक्या वर्षांची मैत्री असली तरी... म्हणजे... कळलं ना?

खडीसाखर
कळलं :D

तिरकीरेघ
बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं असतं. स्विमसूट चालत नाही. आधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, लोक तो डोक्यावर ठेवतात. कोणी कोणाकडे बघत नाही, पहिली पाच मिनिटंच जड जातात. माझी मैत्रीण खोलीतच बसली होती, मी जाऊन आले, दोघी खूश. दोघींनाही जायचंय पण एकमेकींसमोर नको असेल तर काही ठिकाणी 'काशिकिरी' म्हणजे तासाभरासाठी आपल्यापुरतं घ्यायचं कुंड मिळतं, एकीने गेल्यावर दुसरीने जायचं. जबरदस्ती मात्र करू नका तिला, 'एवढ्या लांब आलीस आणि' हे वाक्य तर अजिबात वापरू नका.

निवांतकाका
'एवढ्या लांब आलास आणि' हे वाक्य कुठेच वापरू नये असं माझं मत झालंय. मित्राला फोन केला होता. म्हणाला, अरे तू सावलीत बसायचास त्यामुळे मी निम्म्या पाट्या सोडल्या. इतकी वर्षं बोलला नाही लेकाचा. मग तासभर बोललो.

तिरकीरेघ
काका :) बघा.

बोरकूट
हिरोशिमाबद्दल एक. मी त्या म्युझियममधे गेले होते. काळवंडलेला शाळकरी मुलाचा डबा, लहान मुलाची तीनचाकी सायकल, असं सगळं आहे. काही लोकांना त्यानंतर दिवसभर बोलवत नाही. काहींना तिथे जायचंच नसतं आणि ते कारण सांगत नाहीत, फक्त 'कंटाळवाणं असेल' वगैरे म्हणतात. तुमच्या मैत्रिणीला एकदा सरळ विचारा, तिला जायचंय का नक्की. पुण्याच्या खरेदीसारखं गृहीत नका धरू.

दडपेपोहे
सगळ्यांना उत्तर देते, उशीर झाला, मधे तिच्या घरी जाऊन आले. फोन नाही, प्रत्यक्ष. तिच्या मुलाची दहावी चालू आहे आणि घरात सतत कोणी ना कोणी, त्यामुळे शेवटी गच्चीवर बसलो.

बोरकूट, तुम्ही म्हणालात ते बरोबर निघालं. तिला हिरोशिमाला जायचंच नाहीये. वडील गेले तेव्हापासून तिला दवाखाने, असली प्रदर्शनं, काही बघवत नाही. ते मला माहीत असायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण तिने वर्षभर सगळ्यांना हसून दाखवलंय. मी एक्सेलमधे 'हिरोशिमा २ रात्री' लिहिलं तेव्हा तिने 'छान' म्हटलं होतं.

तर आता हिरोशिमाला मी क्योटोहून सकाळी एकटी जाऊन रात्री परत येणार, पावणेदोन तासांची गाडी आहे. मियाजिमा बेट त्यात नीट बसणार नाही, ते सोडलं, जरा वाईट वाटलं पण ठीक. त्या दिवशी ती किमोनो घालून फोटोवाल्याबरोबर फिरणार. पास नाही, सुटी तिकिटं (निशिकासाईकर, खूप आभार). हाकोने रद्द करून कोयासान. त्यावर ती माझ्यापेक्षा खूश आहे, माझं ओनसेन गेलं. होस्टेलचा आकडा तिने सांगितला, मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच कमी आहे, त्यात टोकियोत ट्विन मिळायला स्टेशनपासून लांब राहावं लागणार. राहू.

फुशिमी इनारीचं अजून ठरलं नाही. ती म्हणते, मी येईन पहाटे, पण वाटेत बोलायचं नाही.

फुलपात्र
स्टेशनपासून लांब घेताना शेवटच्या गाडीची वेळ बघा, मध्यरात्रीच्या आसपास बंद होतात आणि टॅक्सीत सगळं वाचवलेलं जातं.

खडीसाखर
मियाजिमा सोडल्याचं मलाच वाईट वाटतंय. पहाटेची पहिली गाडी धरलीत तर?

दडपेपोहे
खडीसाखर, नका हो. एक्सेल परत उघडायला लावू नका. शिवाय म्युझियमला घाई नको म्हणूनच तर एकटी जातेय.

निशिकासाईकर
कोयासानच्या मठांतही सामाईक गरम पाण्याचं स्नानगृह असतं बरं का, त्यामुळे ओनसेन नाही तरी कपड्यांचा प्रश्न काही सुटलेला नाही तुमचा.

आणि मोठ्या बॅगा घेऊन डोंगरावर जाऊ नका. क्योटोच्या हॉटेलमधून ताक्क्यूबिनने (सामान पोचवणारी सेवा) पुढच्या हॉटेलला पाठवा, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात. शिनकान्सेनलाही लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर बॅग असेल तर तिच्यासाठी वेगळी जागा आधी राखून ठेवावी लागते. वेगळं फिराल त्या दिवशी 'शिंजुकू स्टेशनवर भेटू' असं ठरवू नका, दोनशेच्या वर दरवाजे आहेत त्याला. दुकानाचं नाव आणि दरवाजाचा नंबर ठरवा. पासपोर्ट जिचा तिच्याकडे, इथे परदेशी माणसाने तो कायम जवळ ठेवायचा असा कायदाच आहे.

लिमलेट
दोनशे दरवाजे! आम्ही दादर स्टेशनवर चुकलो होतो आणि भांडण अजून चालू आहे.

चकली_कडक
पूर्व की पश्चिम?

लिमलेट
तेच तर भांडण आहे.